दादाचा कॉम्प्युटर आणि एकोणीस मिनिटं

या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं वाचतो आणि बहुतेक वेळा वाचून चिडतो. 'बराच वेळ गेला', 'खूप लांब चाललो', 'अचानक काहीतरी झालं'... अहो, किती वेळ? किती लांब? हातात घड्याळ नव्हतं का? माझी बायको सुनंदा म्हणते, "तुम्हाला भूत दिसलं तर तुम्ही आधी त्याची उंची मोजाल." खरं आहे, मोजीन. माझं कामच ते आहे. वाळूजच्या एका कंपनीत गेज रूममध्ये मी सव्वीस वर्षं काढली. मोजायची साधनं बरोबर मोजतात की नाही, हे तपासायचं काम.

भूत, आत्मा, करणी, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. 'मानत नव्हतो' असं लिहीत नाहीये, नीट वाचा. आजही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण खाली कमेंटमध्ये 'शेवटी पटलं ना काका' म्हणणारे येणार. नाही पटलं. माझ्याकडं फक्त एक रविवार आहे, ज्याची बेरीज जुळत नाही. तो जसा झाला तसा मांडतो.

आम्ही मूळचे सिल्लोडच्या पुढच्या एका वाडीतले. धनगर. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लहानपणी मेंढरं राखायचे आणि त्यातूनच दोन वर्षं शाळेत गेले. निजामाचा काळ, उर्दू शाळा, तारखा फसली सनात, म्हणजे निजामाच्या सरकारी वर्षगणनेत. त्या दोन वर्षांच्या शिक्षणानं आबांना काय मिळालं ते माहीत नाही, पण आम्हाला एक ओळ मिळाली. शाळेच्या रजिस्टरात आबांच्या नावापुढं जात लिहिलेली आहे.

ज्यांनी जात पडताळणीच्या चकरा मारल्या आहेत त्यांना या ओळीची किंमत सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात... राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी पूर्वजांचा जुना लेखी पुरावा लागतो. घरात आधी कुणाकडं प्रमाणपत्र असलं तर त्याच्या आधारावर पुढच्याचं काम सोपं होतं. नसलं तर पहिल्याचे हाल. आमच्या घरात पहिली ऋतुजा, माझी मुलगी. बारावी झाली, फार्मसीला जायचं ठरलं, यादीत नाव लागलं. कागद दाखल करायला नऊ दिवस उरले होते आणि आमच्याकडं ती ओळ नव्हती.

नव्हती म्हणजे... होती. माझ्या थोरल्या भावाकडं. दादा पाटबंधारे खात्यात क्लार्क होता आणि कागदाचा लई सोस. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानं त्या नोंदीचा उतारा मिळवला, मराठी भाषांतर करून घेतलं आणि दोन्ही स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवलं. मला दोनदा म्हणाला, "पेनड्राइव्ह घेऊन ये, तुझ्याकडंपण राहू दे." दोन्ही वेळा मी म्हणालो, "घेऊ की, पळून चाललंय का?"

तीन वर्षांपूर्वी दादा गेला. हार्ट. त्यानंतरच्या पावसाळ्यात वहिनीच्या घराच्या मागच्या भिंतीला ओल आली आणि भिंतीतल्या कपाटातल्या फायलींचा लगदा झाला. वाडीच्या शाळेत गेलो, तर रजिस्टरं तिथून हललेली. तालुक्याच्या रेकॉर्डमध्ये फडक्यात बांधलेले शेकडो गठ्ठे. तिथले क्लार्क बिचारे चांगले बोलले. "गठ्ठा क्रमांक आणि दाखल क्रमांक आणा, दहा मिनिटांत काढून देतो. त्याच्याशिवाय म्हणाल तर एक महिना बसावं लागेल, आणि उर्दू वाचणारा माणूस पाहिजे."

ते दोन क्रमांक फक्त दादाच्या स्कॅनवर होते. म्हणजे दादाच्या कॉम्प्युटरमध्ये.

कॉम्प्युटर सतरा वर्षांचा. सुटे भाग आणून जुळवलेला, मागं फुगीर मॉनिटर, वर क्रोशाचं आच्छादन. दादा गेल्यापासून बंद. वहिनी हडकोत राहतात, आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातारा परिसर नावाच्या वस्तीत. शनिवारी सकाळी रिक्षा करून तो आमच्याकडं आणला. वहिनी मॉनिटर मांडीवर घेऊन स्वतः आल्या. रिक्षावाल्याच्या हातात देईनात. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली, सगळं जोडलं आणि दहा चाळीसला बटण दाबलं.

पंख्यानं अर्धा फेरा घेतला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा फेरा. सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच.

मी झाकणाचे स्क्रू काढले आणि बघतच राहिलो. आत सगळं पिवळं. पंख्याची पाती पिवळी, वायरी पिवळ्या, मदरबोर्डवर पिवळा थर आणि त्यावर धुळीची साय.

"वहिनी, हे काय आहे?"

"भंडारा."

"ते दिसतंय मला. आत कसा गेला?"

"दर दसऱ्याला टाकायचे की तुमचे भाऊ. बिरोबाचा. वरून उधळायचे, गेला असंल त्या जाळीतून."

"कॉम्प्युटरवर हळद उधळायचे?"

"मग? तुमच्या कंपनीत मशिनीची पूजा करत नाय का?"

"करतो. पण बाहेरून करतो. मशिनीच्या पोटात हळद ओतत नाही आम्ही!"

"तुमची मशिनी बंद पडतच नसतील मग," वहिनी म्हणाल्या आणि सुनंदा चहाचा ट्रे घेऊन हसत उभी.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. चौदा दसरे! पाटबंधारे खात्यात टेबलावर पाण्याच्या पातळ्या लिहिणारा माणूस घरी येऊन यंत्राला हळद खाऊ घालत होता. पावसाळ्यात दमट हवेनं ती धरून बसली होती. मऊ ब्रश घेऊन दोन तास तेच काढत बसलो. वर्तमानपत्रावर निघालेला भंडारा वहिनींनी पुडीत बांधून घेतला, टाकू दिला नाही.

मग पद्धतशीर सुरुवात केली. पॉवर सप्लाय वेगळा काढून मीटर लावला. बारा व्होल्टच्या तारेवर १२.०६, पाचवर ५.०३, तीन पॉइंट तीनवर ३.३१. म्हणजे सप्लाय ठणठणीत. हार्ड डिस्कला तोच सप्लाय दिला तर आतून आवाज आला, टक्... टक्... टक्... मी ताबडतोब वायर ओढली. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला माहीत आहे. डिस्कची सुई जागा शोधते आणि तिला जागा सापडत नाही. अशी डिस्क जितकी चालवाल तितकी जास्त बिघडते. म्हणून मी स्वतः, माझ्या हातानं, चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली. स्टिकरवरचा नंबर डायरीत लिहिला, शेवटचे आकडे ७७१९. वहिनी संध्याकाळी घरी गेल्या.

रविवारी सकाळी अकराला ऋतुजा डिस्क घेऊन निघाली. सुनंदानं ती नॅपकिनमध्ये गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात दिली होती. पैठण गेटच्या पुढं नदीमभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे, डिस्कमधून डेटा काढण्यात त्यांचा हात धरणारा या शहरात नाही असं कंपनीतले आयटीवाले सांगतात. आमच्या दारापासून त्या दुकानापर्यंत स्कूटीच्या मीटरवर ६.४ किलोमीटर.

इकडं मी रिकामा बसणारा माणूस नाही. डिस्क नाही तर नाही, निदान मदरबोर्ड जिवंत आहे का ते बघू म्हटलं. म्हणजे नदीमभाईंनी डिस्क जागी केलीच तर लावायला जागा तयार. बोर्डावरचा बटणाएवढा सेल मोजला तर १.१ व्होल्ट, तीन पाहिजेत. नवा घातला. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्ही काढल्या, सोनेरी दात खोडरबरानं घासले, एकच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. सुनंदा समोर भाजी निवडत बसली होती. एक वाजून बारा मिनिटांनी मी बटण दाबलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. एक बीप वाजला. मॉनिटरवर आधी अक्षरं, मग ती ओळखीची पट्टी सरकली आणि जुन्या कॉम्प्युटरांवर यायची ती हिरवी टेकडी, निळं आकाश आलं.

"अहो, झालं की चालू!" सुनंदा म्हणाली.

इथं माझी जी चूक झाली ती मी लपवणार नाही. मला आनंद झाला. तीन दिवस डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती समोर दिसल्यावर मी बाकी काही बघितलं नाही. सव्वीस वर्षं आधी साधन तपासणारा मी, तेव्हा साधनाकडं पाहिलंसुद्धा नाही. माऊस हलवला. टेकडीवर चार-पाच पिवळे फोल्डर होते, त्यातल्या एकाचं नाव 'आबा कागद'. उघडला. पहिली फाइल उर्दू पान, दुसरी भाषांतर. गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही, आबांचं नाव, जात. वरच्या कोपऱ्यात दादाच्या निळ्या पेनानं गठ्ठा क्रमांक १७ आणि खाली दाखल क्रमांक २१४.

"पेनड्राइव्ह दे," मी म्हणालो. सुनंदानं नवं पाकीट कात्रीनं कापून पेनड्राइव्ह काढला. दोन्ही फायली त्यात घेतल्या. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला, फायली उघडून बघितल्या. उघडत होत्या. एवढी काळजी मात्र घेतली.

आणि फोन वाजला. ऋतुजा.

"बाबा, डिस्क गेली." रडवेली झाली होती. "नदीमअंकल म्हणतात, आत घासलीये. फिरतच नाहीये ती."

मी कॅबिनेटकडं बघितलं. झाकण काढलेलं होतं. डिस्कचा कप्पा रिकामा. डिस्कला लागणारी चपटी वायर कप्प्याबाहेर लोंबत होती, तिच्या टोकाला काहीच नव्हतं. आणि मॉनिटरवर आबांचा दाखला उघडा होता.

हाताचे केस उभे राहिले. ते मी मोजू शकत नाही, पण राहिले.

"ऋतुजा, फोन नदीमभाईंकडं दे."

"सलाम काका. देखो, सच बोलूं तो डिस्क में जान नहीं है," नदीमभाई म्हणाले. "मोटरच नहीं घूम री. पुणे भेजना पडेगा, तीन हफ्ते, और गॅरंटी मैं नहीं देता."

"नदीमभाई, डिस्क आत्ता कुठं आहे?"

"कहां मतलब? मेरे हाथ में है!"

"व्हिडिओ कॉल करा. स्टिकर दाखवा."

"काका, तबियत ठीक है ना?"

व्हिडिओवर त्यांनी स्टिकर दाखवला. मी डायरी उघडली. शेवटचे आकडे ७७१९. मग मी आमचा फोन फिरवून मॉनिटर दाखवला, आणि मग कप्पा. नदीमभाईंनी हातातली डिस्क उलटीपालटी करून बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसरी डिस्क होगी अंदर. या सीडी डाली होगी."

चांगली शंका. मीही तीच घेतली असती. सीडीचा ट्रे बाहेर काढला, रिकामा. पेनड्राइव्ह उपसला, मागचे सगळे सॉकेट बघितले. कीबोर्ड, माऊस, मॉनिटर, पॉवर. बाकी काही नाही. इंटरनेटची वायर नाही, त्या मशिनला वायफाय नाही. सुनंदाला म्हटलं, तू बघ आणि मोठ्यानं सांग काय काय दिसतंय. तिनं एकेक वायर बोटानं धरून सांगितली. तिची मोजणी बरोबर होती. चार वायरी. टेकडी अजून तशीच.

"बंद करा ते," सुनंदा म्हणाली. "आपलं काम झालंय ना? बंद करा."

मी बंद केलं. वायर ओढून नाही, मेनूत जाऊन, रीतसर. घड्याळात एक एकतीस झाले होते. एकोणीस मिनिटं.

संध्याकाळी ऋतुजा डिस्क घेऊन परत आली. आल्याआल्या तिनं स्वतः बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. अर्थ असा, की डिस्क सापडत नाही, डिस्क लावा. डिस्क नसलेल्या मशिननं जसं वागायला हवं, अगदी तसं. डिस्क लावून बघितली, तर आता टक् टक्सुद्धा नाही, आणि तीच ओळ. त्या दिवसापासून आजपर्यंत मी बटण तेवीस वेळा दाबलंय. तेवीसही वेळा तीच ओळ.

आता खुलासे. ऋतुजा म्हणाली, फाइल पेनड्राइव्हवर आधीच असेल. पेनड्राइव्ह पाकीटबंद होता, कापलेलं पाकीट मी ठेवलंय. मग म्हणाली, मेमरीत राहिलं असेल. मेमरी वीज गेली की काही सेकंदांत पुसली जाते, हे तिनंच मला शिकवलेलं, आणि मशीन तीन वर्षं बंद होतं, शिवाय पट्ट्या तर मी काढून घासल्या होत्या. कंपनीतला आयटीवाला म्हणाला, "सर, तुम्ही डिस्क काढली असं तुम्हाला वाटतंय." मग दुकानात व्हिडिओवर काय दिसलं? त्यावर तो म्हणाला, चहा घ्या.

दुसऱ्या बाजूचे तर विचारू नका. वाडीहून काकांचा फोन आला. "अरं, बिरोबाचा भंडारा व्हता त्यात! द्येवानं चालवलं."

"काका, भंडारा आत होता तेव्हा मशीन अर्धा फेरा घेत होतं. सगळा काढला तेव्हा चाललं."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाय," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

बाकी नातेवाइकांचं एकच, दादा आला होता. पुतणीच्या शिक्षणासाठी आला. ऐकायला बरं वाटतं हो. मलाही बरं वाटलं असतं. पण वहिनीला ही गोष्ट सांगायला गेलो तेव्हा काय झालं ते ऐका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "भाऊजी, अजून काय काय व्हतं त्यात?"

"चार-पाच फोल्डर होते."

"नावं?"

मला आठवत होती. मी वाचली होती. एकाचं नाव 'घरचे' होतं.

"त्यात आमच्या लग्नाची कॅसेट भरून ठेवली व्हती त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "आवाज हाय त्यात त्यांचा. उखाणा घेतलेला. तुम्ही उघडलं नाय ते?"

नाही उघडलं. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा होता, जागा भरपूर होती. मी दोन फायली घेतल्या आणि मशीन रीतसर बंद केलं. वहिनी उठून आत गेल्या. ताटात जेवण वाढलं. 'दादा आला होता' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. दादा आला असता तर त्यानं आधी हिचं काम केलं नसतं का? मी माझ्या दादाला ओळखतो. तुम्ही ओळखत नाही. उगाच त्याच्या नावावर काही खपवू नका.

असो. क्रमांक मिळाले, पण तालुक्याला गेलो तर रेकॉर्डचे क्लार्क पंधरा दिवस रजेवर, आणि कागद मुदतीत दाखल करायचे होते, म्हणून स्कॅनच जोडायचा ठरला. स्कॅन कुठून मिळाला याचं शपथपत्र लागत होतं. कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडं गेलो, जुना माणूस, कानावर पेन्सिल. त्यानं टाइप केलं, 'सदर प्रत माझे मयत बंधू यांच्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून मी स्वतः काढून घेतली आहे.'

"हार्ड डिस्क काढा," मी म्हणालो.

"का हो?"

"डिस्क तेव्हा संगणकात नव्हती."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. मग ऋतुजाकडं बघितलं. मी त्याला थोडक्यात सांगितलं.

"साहेब, कमिटीला पुरावा पाहिजे, भुताची गोष्ट नको."

"भूत कुणी म्हटलं? मी फक्त म्हणतोय डिस्क आत नव्हती. शपथेवर खोटं लिहायचं का?"

"बाबा, प्लीज," ऋतुजा म्हणाली. सुनंदा तर आदल्या रात्री शपथपत्रात काय लिहायचं यावरून भांडली, तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. पोरीचं वर्ष जाईल त्याच्यापुढं तुमच्या एका शब्दाचं काय? मला तिचं म्हणणं कळत होतं. पण उद्या कुणी विचारलं, ही डिस्क तपासायला द्या, आणि ती पुण्यात उघडून कुणी म्हणालं, ही कित्येक महिन्यांपूर्वीच मेली आहे, तर? खोटं शपथपत्र ठरेल आणि तेव्हा खरंच मुलीचं वर्ष जाईल. शेवटी मी एकेक शब्द तोलून लिहून दिलं, 'सदर प्रत माझे मयत बंधू यांच्या संगणकाच्या पडद्यावर उघडून तेथून मी स्वतः घेतली आहे.' सगळं खरं. टायपिस्ट म्हणाला, "चाळीस वर्षांत असं शपथपत्र टाइप केलं नाही." केलं मात्र बिनचूक.

तीन आठवड्यांनी सुनावणी. टेबलापलीकडं तीन जण, मधे एक मॅडम, समोर आमची फाइल. ऋतुजा माझ्या डावीकडं, दोन्ही हात मांडीवर घट्ट. तिनं येताना मला बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. मॅडमनी शपथपत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"'पडद्यावर उघडून तेथून'... म्हणजे? मूळ फाइल हार्ड डिस्कवर आहे ना? लागली तर दाखवता येईल?"

विचारलं होतं. तर उत्तर द्यायलाच हवं होतं.

"डिस्क निकामी आहे, मॅडम," मी म्हणालो. "आणि विचारलंत म्हणून सांगतो. मी ही प्रत घेतली तेव्हा डिस्क संगणकात नव्हती. पैठण गेटला दुरुस्तीच्या दुकानात होती. संगणक तरी चालू झाला. का झाला ते मला माहीत नाही. पण कागद खरा आहे."

ऋतुजानं डोळे मिटले. उजवीकडचे साहेब पेन खाली ठेवून माझ्याकडं बघत होते. बाहेर कुणीतरी पुढच्या अर्जदाराचं नाव पुकारत होतं. मी हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही. घालायचं कारण नव्हतं.

मॅडमनी फाइलमधून दुसरा कागद काढला. दक्षता पथकाचा अहवाल. स्कॅनवरच्या क्रमांकांवरून त्यांनी मूळ नोंद शोधायला माणूस पाठवला होता.

"गठ्ठा क्रमांक सांगा."

"सतरा."

"दाखल क्रमांक?"

"दोनशे चौदा."

"नाव सांगा." मी आबांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी अहवालावर बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबवलं आणि कागद साहेबांकडं सरकवला.

"गठ्ठा सतरा, दाखल दोनशे चौदा. मूळ रजिस्टरात नोंद आहे, शाई जुनी आहे, खाडाखोड नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "तुमची डिस्क कुठं होती ते तुमच्या घरचं. आम्ही रजिस्टर बघतो."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खरंच बरोबर आहे. मीही तसंच केलं असतं.

बाहेर आल्यावर ऋतुजा जिन्यावरच बसली. हसत होती आणि डोळे पुसत होती. "बाबा, तुम्हाला एक दिवस गप्प बसता येत नाही का हो?" म्हणाली. प्रमाणपत्र आलं. ती आता फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. दादाच्या मुलाचाही अर्ज तिच्या प्रमाणपत्राच्या आधारानं गेला.

कारण मला आजही माहीत नाही. डिस्क पुण्याला पाठवली होती, कागदासाठी नाही, वहिनीसाठी, दादाच्या उखाण्यासाठी. 'काहीही निघू शकत नाही' असा शेरा मारून परत आली. डिस्कशिवाय संगणक ती टेकडी दाखवू शकत नाही, हे मला मान्य आहे. ती टेकडी मी एकोणीस मिनिटं बघितली, हेही मला मान्य आहे. यातलं एक सोडा म्हणजे सुटेल, असं दोन्ही बाजूंचे लोक मला सांगतात. मी कुठलंच सोडणार नाही. आणि ज्यांना वाटतं मला भास झाला, त्यांना एवढंच सांगतो, भासाला दाखल क्रमांक नसतो. असलाच, तर तो तालुक्याच्या रजिस्टराशी जुळत नाही.